सायकलचा मार्ग आखायचाय? आधी नकाशा, मग यंत्र

सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवा माणूस आला की काही दिवसांत त्याचा प्रश्न येतोच: "कुठला जीपीएस घेऊ?" मग एक जण गार्मिन म्हणतो, दुसरा वाहू, तिसरा म्हणतो कशाला पैसे घालवतोस, फोन आहे की खिशात. चर्चा रात्रीपर्यंत रंगते, पण तू सायकल चालवणार कुठे, हे त्याला कुणीच विचारत नाही. रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी जाऊन पोहे खाऊन परत येणारा आणि कोकणात चार दिवस उतरणारा, दोघांना एकच उत्तर कसं चालेल?

दुसरं म्हणजे, यंत्र आपण आखून दिलेल्या रेघेवरून नेतं. रेघ चुकली असेल तर ते तितक्याच इमानाने चुकीच्या जागी नेऊन सोडतं. म्हणून इथे खरेदी शेवटी ठेवली आहे. आधी सॉफ्टवेअर, मग रेघ आखणं आणि तपासणं, आणि त्यानंतर यंत्र. उदाहरणाला पुण्यातून ताम्हिणीमार्गे श्रीवर्धन आणि पुढे खाडी ओलांडून केळशी-दापोली हा मार्ग घेऊ. घाट, जंगल, खाडी, फेरीबोट, गेलेली रेंज असं सगळं त्यात आहे.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- लॅपटॉप किंवा डेस्कटॉप. मार्ग फोनवरही आखता येतो, पण मोठ्या पडद्यावर जे दिसतं ते बोटाएवढ्या नकाशावर दिसत नाही.
- मार्ग आखण्याच्या एखाद्या सेवेचं खातं आणि फोनमध्ये ऑफलाइन चालणारं एक नकाशा-ॲप.
- डेटा जाणारी यूएसबी केबल. पॉवरबँकेबरोबर मिळणाऱ्या बऱ्याच केबलींतून फक्त चार्जिंग होतं. मग लॅपटॉपला यंत्र दिसत नाही आणि आपण यंत्रालाच शिव्या घालत बसतो.
- पॉवरबँक, आणि ती पावसात झाकायची सोय.
- कागद-पेन. हसू नका, पुढे लागणार आहे.

## १. आपण कुठल्या रस्त्यांवर जाणार ते ठरवा

रोजचेच ओळखीचे रस्ते असतील तर नकाशा लागतच नाही. वेग आणि अंतर दाखवणारं साधं यंत्र किंवा खिशातला फोन पुरतो. अनोळखी पण डांबरी रस्त्यांवरून दिवसभर जायचं असेल तर रेघ दाखवणारं, वळणाआधी आवाज करणारं काहीतरी हवं. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करणार असाल तर बॅटरीचा हिशोब सगळ्यात आधी: २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. कच्चे रस्ते, धरणांच्या कडेच्या वाटा, जंगल अशी आवड असेल तर यंत्राच्या पडद्यावर खराखुरा नकाशा लागतो, नुसत्या रेघेवर भागत नाही.

## २. सॉफ्टवेअर निवडा

कोमूट, राइड विथ जीपीएस, स्ट्राव्हा, बीराउटर: नावं वेगळी, पण पायाला नकाशा बहुतेक ठिकाणी एकच, ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली सुरू झालेला हा नकाशा लोकांनीच भरलेला आहे. पुण्या-मुंबईत तो गल्लीबोळापर्यंत भरलेला सापडतो. मंडणगड किंवा वेल्हे तालुक्यात मात्र रस्ता असतो, पण तो डांबरी की कच्चा याची नोंद कित्येकदा नसते. नोंद नसली की सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. हा अंदाज युरोपात बरा ठरतो, आपल्याकडे त्याचा भरवसा नाही. म्हणून 'सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कुठलं' यावर फार डोकं घालवू नका. तपासायला सोपं जाईल ते घ्या.

माझी पसंती सांगतो. आखणीसाठी राइड विथ जीपीएसची वेबसाइट: रेघ ओढणं, मोडणं, एखादा तुकडा हाताने काढणं तिथे सगळ्यात सोपं, आणि चढाईचा आलेख खालीच दिसतो. एक पैसाही खर्च करायचा नसेल तर बीराउटरची वेब आवृत्ती. दिसायला रुक्ष आहे, पण मार्ग कुठल्या नियमाने निवडायचा हे तिथे बारकाईने ठरवता येतं आणि जीपीएक्स फाइल, म्हणजे यंत्राला द्यायची मार्गाची रेघ, सरळ उतरवता येते. कोमूट नवख्यांना आवडतं, कारण वाटेत डांबर किती, कच्चा रस्ता किती याची पट्टी ते दाखवतं. पट्टीत 'अज्ञात' असा रंग दिसला तर तो तुकडा तपासायच्या यादीत टाका. स्ट्राव्हावर मार्ग आखण्याची सोय २०२० पासून पैसे भरणाऱ्यांनाच आहे. पण त्याचा हीटमॅप, म्हणजे लोक प्रत्यक्षात कुठून सायकल चालवतात ते दाखवणारा नकाशा, तपासणीच्या वेळी उपयोगी पडतो.

गूगल मॅप्स? दुकान, लॉज, पंक्चरवाला शोधायला उत्तम. पण त्यातून जीपीएक्स फाइल निघत नाही, आणि दुचाकीचा पर्याय मोटरसायकल गृहीत धरतो. घाट चढायला लागणारा त्याचा वेळ इंजिनाचा असतो, तुमच्या पायांचा नव्हे.

## ३. रेघ ओढा, पण टप्प्याटप्प्याने

'पुणे' आणि 'दापोली' टाकून मोकळं होऊ नका. मधले नाके स्वतः टाका: चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, निजामपूर, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, बागमांडला. प्रत्येक दोन नाक्यांमधली रेघ कुठून गेली ते बघत पुढे सरका.

गावाचं नाव टाइप करताना जपून. वडगाव, पिंपळगाव, शिरगाव ही नावं महाराष्ट्रात किती ठिकाणी आहेत याची गणती नाही, आणि सॉफ्टवेअर त्यातलं एखादं बिनदिक्कत उचलतं. नावाबरोबर तालुका टाका, नाहीतर नकाशावर बोट ठेवून जागा निवडा.

मोटारीचा पर्याय निवडून मार्ग काढू नका. मुंबई–पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी महामार्ग, वांद्रे–वरळी सागरी सेतू, अटल सेतू यांपैकी कुठेही सायकल चालत नाही. मुंबईहून पुण्याला यायचं तर जुना हायवे, आणि खोपोलीनंतर शिंग्रोबाच्या चढावर एक नाका मुद्दाम ठोका, म्हणजे रेघ तिथूनच जाईल.

## ४. रेघ तपासा: खरं काम हेच

मार्ग आखायला अर्धा तास लागला तर तपासायला एक तास द्या. बहुतेक लोक हा टप्पा गाळतात आणि संध्याकाळी अंधारात कुणाच्या तरी शेतात उभे राहतात.

घाटवाटांचा सापळा. सह्याद्रीत 'घाट' म्हणजे गाडीरस्ताच असेल असं नाही. भीमाशंकर आणि कर्जत नकाशावर अगदी जवळ दिसतात. मार्ग शोधण्याचा प्रकार 'हायकिंग' किंवा 'माउंटन बाइक' ठेवला तर सॉफ्टवेअर तुम्हाला भीमाशंकरहून खांडसला सरळ उतरवू शकतं. ती वाट शिडी घाटाची आहे. कड्याला लोखंडी शिड्या लावल्या आहेत, आणि सायकल खांद्यावर घेऊन त्यावरून उतरायचा विचारही करू नका. नाणेघाटाचंही तसंच, दगडी पायऱ्यांची जुनी वाट आहे ती. डोंगराची धार ओलांडताना रेघ बारीक तुटक दिसली की थांबा आणि उपग्रहचित्र उघडा. त्यात डांबराची काळी पट्टी सलग दिसली पाहिजे.

तीन ठिकाणी पडताळा. उपग्रहचित्र पहिलं. दुसरं गूगलचं स्ट्रीट व्ह्यू. भारतात ते २०२२ च्या जुलैत नव्याने सुरू झालं, पहिल्या शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. जिथे उपलब्ध असेल तिथे रस्त्याची रुंदी आणि कडेची पट्टी सरळ दिसते. छायाचित्र कुठल्या महिन्यातलं, कुठल्या वर्षातलं ते कोपऱ्यात बघा, कारण रस्ता एका पावसात बदलतो. तिसरा हीटमॅप. एखाद्या रस्त्यावर हीटमॅप अंधारा आणि शेजारच्या, जरा लांबच्या रस्त्यावर उजळ असेल तर लोकांना काहीतरी माहीत आहे असं समजा. दुर्गम भागात हीटमॅप सगळीकडेच अंधारा असतो, तिथे हा नियम लावू नका.

खाडी आणि जंगल जेट्टी, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट. आपल्या उदाहरणात बागमांडला आणि वेसवी यांच्यामध्ये सावित्रीची खाडी आहे. सायकल फेरीबोटीत घालून पलीकडे जायचं असतं. सॉफ्टवेअरला ही फेरी सापडली नाही तर ते तुम्हाला आत वळवून आंबेत–म्हाप्रळच्या पुलावरून नेतं, आणि एकूण अंतर एकदम फुगतं. आकडा अपेक्षेपेक्षा फार मोठा आला तर आधी खाडी तपासा. उलट फेरी सापडली तर ते पाण्यावरचं अंतरही किलोमीटरमध्ये धरतं. आगरदांडा–दिघी, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, सगळ्या जेट्ट्यांना हे लागू आहे. फेरीच्या वेळा सॉफ्टवेअर सांगत नाही. शेवटची बोट किती वाजता, हे आदल्या दिवशी फोन करून विचारायचं आणि कागदावर लिहायचं. बोट चुकली तर एक तर मुक्काम, नाहीतर तो पुलाचा वळसा, तोही दिवसभराच्या सायकलिंगनंतर.

पावसाळा. वरंधा घाट पावसाळ्यात वाहतुकीसाठी वरचेवर बंद ठेवतात, दरडी कोसळतात. नकाशात तो बारा महिने उघडाच. जून ते सप्टेंबर घाटातून जायचं असेल तर जिल्हा प्रशासनाचा आदेश निघाला आहे का ते बघा, आणि पर्यायी घाटाची दुसरी फाइल तयार ठेवा.

पाणी आणि खाण्याची ठिकाणंही याच वेळी नकाशात टाका. मुळशीनंतर ताम्हिणी उतरेपर्यंत दुकानं विरळ होत जातात, हे उन्हाळ्यात फार जाणवतं.

## ५. चढाईचा आकडा डोळे झाकून मानू नका

सॉफ्टवेअर चढाई मोजतं ती उंचीच्या नकाशावरून. असे बरेच नकाशे ज्या मोजणीवर उभे आहेत ती २००० सालच्या फेब्रुवारीत एन्डेव्हर अंतराळयानातून रडारने झाली. त्यात जमिनीचे साधारण ३० मीटरचे चौकोन पाडले आहेत, कुठे कुठे ९० मीटरचे. मैदानात याने काही बिघडत नाही. पण कड्यात कोरलेल्या घाटरस्त्यावर एक चौकोन दरीत आणि शेजारचा डोंगरमाथ्यावर पडतो. मग आलेखात करवतीसारखे दाते दिसतात, आणि सात टक्क्यांचा चढ मध्येच पंचवीस टक्के दाखवतो. बोगद्यात तर गंमतच. साताऱ्याहून पुण्याकडे येणारी वाहतूक खंबाटकीच्या बोगद्यातून येते. सॉफ्टवेअरला बोगदा कळला नाही तर ते तुम्हाला अख्खा डोंगर चढवून उतरवतं, अर्थात कागदावर.

यावर उपाय म्हणजे ओळखीच्या चढाचं माप. वाई ते पाचगणी हा पसरणीचा घाट तुम्ही चढला असाल तर बारा-एक किलोमीटरमध्ये पाचशे मीटरहून जास्त चढाई म्हणजे काय हे पायांना माहीत असतं. नवा घाट त्याच सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या शेजारी ठेवून बघा. एका सॉफ्टवेअरचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडू नका.

कोकणाबद्दल एक इशारा. 'समुद्राकाठचा रस्ता, म्हणजे सपाट' असं समजून लोक रोजचे शंभर-सव्वाशे किलोमीटर ठरवतात. किनाऱ्याचा रस्ता खाडीपाशी उतरतो, लगेच सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढतो, पुन्हा उतरतो. एकही चढ नाव घेण्याजोगा नसतो, पण दिवसअखेरची बेरीज घाट चढल्यासारखी येते. तिथे अंतर कमी धरा.

## ६. फोनवर भागेल का?

एका दिवसाच्या फेरीला बहुतेक वेळा भागतं. ऑसमँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्समध्ये महाराष्ट्राचा नकाशा आधी उतरवून ठेवा, जीपीएक्स फाइल उघडा, घरीच फोन विमान मोडवर टाकून सगळं दिसतंय ना ते बघा. ताम्हिणीत रेंज जाते. तिथे पोहोचून नकाशा उतरवू असं म्हणून चालत नाही.

फोन कमी पडतो तो तीन ठिकाणी. एप्रिल-मेच्या उन्हात हँडलवरचा फोन तापतो, पडदा मंद होतो, कधी बंदच पडतो. पावसात पडद्यावरच्या थेंबांना तो बोटं समजतो आणि नकाशा आपोआप इकडे-तिकडे पळतो. आणि पडदा सतत चालू ठेवला तर अडचणीत फोन करायला बॅटरी उरत नाही. फोन खिशात ठेवून फक्त आवाजी सूचना ऐकल्या तर यातलं बरंच टळतं.

## ७. यंत्र घेताना काय बघायचं

आधी दोन जाती समजून घ्या. गार्मिन एज १३० प्लस, आयजीपीस्पोर्ट बीएससी २०० यांसारख्या यंत्रांत पांढऱ्या पडद्यावर नुसती रेघ आणि तुमचा बाण दिसतो. एज ५४०, ८४०, वाहू रोम, हॅमरहेड कारू यांत खाली रस्त्यांचा नकाशाही दिसतो. मार्ग नीट तपासून निघत असाल तर पहिल्या जातीवर मजेत भागतं. फरक कळतो तो रस्ता बंद निघाल्यावर: नुसत्या रेघेवरून पर्याय शोधता येत नाही. पण तेव्हा खिशातला फोन असतोच, त्यामुळे पहिलंच यंत्र महागातलं घ्यायची घाई नको.

बटणं की टचस्क्रीन? आपल्या पावसात बटणं. एज ५४० आणि ८४० यांतला मुख्य फरक हाच आहे, ८४० ला बटणांबरोबर टचस्क्रीनही आहे.

बॅटरीचे कंपन्यांचे आकडे सौम्य वापराचे असतात. एज ५४० चा दावा बॅटरी वाचवून वापरल्यास ४२ तासांचा, कोरोस ड्युराचा १२० तासांचा. नकाशा, सेन्सर, रात्री पडद्याचा प्रकाश चालू ठेवून यातला मोठा तुकडा वजा करा. ६०० ची ब्रेव्हे करणाऱ्याने चालू असताना चार्जिंग घेणारं यंत्रच घ्यावं. जुन्या एज ५३० आणि ८३० ला मायक्रो यूएसबी आहे, ५४०-८४० ला टाइप-सी. फोन आणि यंत्र दोन्हींना एकच केबल चालली तर पिशवीतला गुंता कमी होतो.

दोन फ्रिक्वेन्सींवर सिग्नल घेणारी यंत्रं कड्याखाली आणि दाट झाडीत जास्त अचूक असतात. मार्गावरून जायला त्याची फारशी गरज नाही. आकडेवारीची हौस असेल तर घ्या.

परदेशातून कुणाकडून मागवत असाल तर तीन गोष्टी बघा. वॉरंटी भारतात चालेल का. नकाशा कुठला भरलेला आहे: अमेरिकेत विकलेल्या यंत्रात अमेरिकेचा असतो. गार्मिनमध्ये ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेला भारताचा नकाशा फुकट मिळतो आणि केबलने टाकता येतो, वाहूमध्ये ॲपमधूनच उतरवता येतो. तिसरी गोष्ट गंभीर आहे. गार्मिन इनरीचसारखी उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांना यापायी अडकावं लागलं आहे. सायकलचा साधा जीपीएस फक्त सिग्नल ऐकतो, त्याला काही अडचण नाही. तेव्हा "तेवढं ते एसओएसवालं आण रे" असं भाच्याला सांगू नका.

जुनं यंत्र घेत असाल तर आधीच्या मालकाच्या खात्यातून ते काढून टाकलंय ना, आणि चार्जिंगच्या खाचेचं रबरी झाकण शाबूत आहे ना, हे बघा.

## ८. फाइल यंत्रात टाका

दोन प्रकारच्या फाइली भेटतील. जीपीएक्समध्ये मुख्यतः रेघेचे बिंदू असतात. टीसीएक्समध्ये वळणांच्या सूचनाही येऊ शकतात. नुसती रेघ दाखवणाऱ्या यंत्राला टीसीएक्स दिली तर ते वळणाआधी सूचना देतं, म्हणून यंत्राला ती फाइल चालत असेल तर तीच द्या. गार्मिनला केबलने जोडलं की 'गार्मिन' फोल्डरमधल्या 'न्यूफाइल्स' मध्ये फाइल टाकायची. बाकी यंत्रांना बहुतेक फोनच्या ॲपमधूनच जाते.

लांबचा मार्ग एका फाइलीत कोंबू नका. आपला कोकणाचा मार्ग दिवसाला एक असा तोडा, आणि फाइलीच्या नावात आधी आकडा घाला: '१-पुणे-माणगाव', '२-माणगाव-केळशी'. त्याच रस्त्याने परत यायचं असेल तर जाण्याची आणि येण्याची फाइल वेगळी. एकाच रस्त्यावर दोन रेघा पडल्या की यंत्र गोंधळतं. कधी सुरुवातीलाच 'मार्ग पूर्ण झाला' म्हणून अभिनंदन करतं, कधी अर्ध्यातून उलटं फिरायला सांगतं.

निघायच्या आदल्या रात्री फाइल यंत्रावर उघडून शेवटच्या टोकापर्यंत बघा. सकाळी पाच वाजता सोसायटीच्या गेटवर हे करायला गेलात तर बरोबरचे लोक थंडीत तुमच्याकडे कसे बघतात ते कळेल.

## ९. रस्त्यावर

मार्ग चुकल्यावर आपोआप नवा मार्ग काढण्याची सोय बंद ठेवा. चहाला टपरीकडे वळलात की यंत्र नवा मार्ग जोडत बसतं, आणि एवढं आखलेलं सगळं बाजूला राहतं. ती बंद असली की ते फक्त 'मार्ग सुटला' म्हणून ओरडतं, पुन्हा रेघेवर आलात की गप्प बसतं.

हवेच्या दाबावरून उंची मोजणाऱ्या यंत्राला खाली बारीक भोक असतं. पावसात त्यात पाणी किंवा चिखल बसला की चढत असताना आकडा हलत नाही. घरी आल्यावर साध्या पाण्याने धुवा, टाचणी घालू नका.

कागदावर नाके, त्यांच्यामधली अंतरं, जेट्टीची शेवटची वेळ आणि मुक्कामाचा फोन नंबर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा. आणि रेघ एक सांगत असताना नाक्यावरचा माणूस "तिकडून नका जाऊ, पूल वाहून गेलाय" म्हणाला, तर त्या माणसाचं ऐका. फक्त 'जवळच आहे' हे त्याचं अंतर मोटरसायकलचं असतं, ते यंत्रावर बघा.

परत आल्यावर नोंद स्ट्राव्हावर टाकणार असाल तर घराभोवतीचा भाग लपवण्याची सेटिंग आधी लावा, नाहीतर सायकल कुठे ठेवलेली असते हे जगाला कळतं. आणि वाटेत कुठे रस्ता डांबरी की कच्चा याची नकाशात नोंदच नसेल, तर अँड्रॉइडवरच्या स्ट्रीटकम्प्लीट ॲपमधून ती ओपनस्ट्रीटमॅपवर भरा. रस्ता कसला आहे असा साधा प्रश्न ते विचारतं, उत्तर द्यायला मिनिटही लागत नाही, आणि त्या रस्त्याने पुढे जाणाऱ्याला 'अज्ञात' रंगाचा एक तुकडा कमी तपासावा लागतो.